आयोवाच्या ग्लिडन गावचा मर्ल हे : एका शेतीप्रधान गावातल्या पायदळी शिपायाचे आयुष्य आणि मृत्यू (मदत हवी आहे)

मुक्ता, गिरगाव

नमस्कार मंडळी,

आमच्या गिरगावातल्या वाचक मंडळात पहिल्या महायुद्धावर काही व्याख्याने ठरली आहेत आणि 'साधा शिपाई' हा विषय माझ्या वाट्याला आला आहे. सेनापतींवर आणि तहांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मला मात्र शेतीवाडीच्या मुलखातून आलेला एकच पायदळी शिपाई घेऊन त्याच्या जन्मापासून दफनापर्यंतची हकीकत नीट सांगायची आहे. त्यासाठी मी मर्ल डेव्हिड हे ('हे' हे त्याचे आडनाव) या अमेरिकन शिपायाची निवड केली आहे.

त्याचा जन्म २० जुलै १८९६ रोजी मिसुरी राज्यातल्या कॅरोल्टन येथे झाला. पुढे त्याचे कुटुंब आयोवा राज्यातल्या ग्लिडन या गावी आले. मे १९१७ मध्ये तो सैन्यात भरती झाला, १६व्या पायदळ रेजिमेंटच्या 'एफ' कंपनीत गेला आणि ३ नोव्हेंबर १९१७ च्या पहाटे फ्रान्सच्या लॉरेन प्रांतात बाथलेमाँ गावाजवळच्या खंदकात मारला गेला. म्हणजे जेमतेम सहा महिन्यांची शिपाईगिरी आणि एकवीस वर्षांचे आयुष्य. त्याच रात्री जेम्स ग्रेशम आणि थॉमस एनराइट हे त्याचे दोन सोबतीही पडले.

आता माझ्या अडचणी सांगते. 'युद्धात मेलेला पहिला अमेरिकन' असे मर्लचे वर्णन अनेक ठिकाणी येते, ते कितपत खरे धरावे? त्या रात्री खंदकात नेमके काय घडले? आणि ज्याला फ्रान्समध्ये पुरले त्याची कबर आज ग्लिडनमध्ये कशी? शिवाय मंडळातल्या एका ज्येष्ठांनी असा आक्षेप घेतला की, कोकणातून आणि साताऱ्यातून हजारो शिपाई त्याच युद्धात गेले असताना मुंबईत बसून आयोवाच्या मुलावर का बोलायचे? हा आक्षेप मला मनापासून विचारात घ्यावासा वाटतो, म्हणून तोही इथे मांडते.

अनंतकाका, माहीम

मुक्ता, रणांगणाचे जाणकार इथे दुसरे आहेत. मी त्याच्या गावाविषयी आणि भरतीविषयी लिहितो, कारण व्याख्यानात हाच भाग लोक दोन वाक्यांत उरकतात.

ग्लिडन हे आयोवाच्या पश्चिम भागातल्या कॅरोल काउंटीतले गाव. मक्याची शेते, त्या मक्यावर पोसलेली डुकरे आणि गुरे, आणि तो सगळा माल शिकागोच्या बाजाराकडे नेणारी रेल्वे, हा त्या मुलखाचा संसार. १९१३ साली जाहीर झालेला 'लिंकन हायवे', म्हणजे अमेरिका आडवी ओलांडणारा पहिला मोटाररस्ता, याच पट्ट्यातून जात असे. आपल्या डोळ्यांसमोर अमेरिका म्हटली की उंच इमारती येतात, पण १९२० च्या जनगणनेत पहिल्यांदाच तिथली शहरी लोकसंख्या निम्म्याच्या वर गेली. मर्ल वाढला तो देश अजून खेड्यांचाच होता, आणि त्याला त्या देशाचा सर्वसाधारण तरुण म्हणता येते.

दुसरी गोष्ट तारखांची, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेने ६ एप्रिल १९१७ रोजी युद्ध पुकारले. सक्तीच्या भरतीचा कायदा १८ मे रोजी झाला आणि त्याखालची पहिली नोंदणी ५ जूनला झाली, तीही २१ ते ३० या वयोगटातल्या पुरुषांची. मर्लला एकविसावे लागायला तेव्हा दीड महिना अवकाश होता, म्हणजे त्या नोंदणीत त्याचे नाव येणारच नव्हते. मे महिन्यात तो आपण होऊन भरती झाला. तेव्हा 'नांगरावरून उचलून नेलेला मुलगा' असे करुण चित्र रंगवू नकोस. त्याचबरोबर त्याच्या तोंडी देशभक्तीची मोठी वाक्येही घालू नकोस. घरी राहण्याची पूर्ण मुभा असताना तो गेला, एवढेच सांगितले तरी ऐकणाऱ्याला पुरेसे आहे.

त्याची रेजिमेंट ज्या पहिल्या डिव्हिजनमध्ये होती, तिची पहिली तुकडी २६ जूनला फ्रान्सच्या सँ-नाझेर बंदरात उतरली आणि ४ जुलैला याच १६व्या रेजिमेंटची एक बटालियन पॅरिसच्या रस्त्यांवरून संचलन करीत गेली. लोकांनी फुले उधळली, शिपायांच्या बंदुकांत फुले खोचली. कागदोपत्री ही खडी फौज होती, पण तिच्यातले बरेचसे जवान काही आठवड्यांपूर्वी भरती झालेली पोरे होती आणि ते त्यांच्या चालीवरून पाहणाऱ्यांना कळत होते. नंतरचे महिने लॉरेनमधल्या गोंद्रकूरच्या आसपास खंदक खणण्यात, हातबाँब फेकण्यात आणि संगिनीच्या सरावात गेले. राहायची सोय खेड्यांतल्या धान्याच्या कोठारांत आणि गोठ्यांच्या माळ्यांवर होती. त्या भागात शेतकऱ्याच्या दारासमोरच शेणखताचा ढीग असे आणि ढीग जितका मोठा तितके घर सधन मानले जाई. शहरी शिपायांनी त्यावरून नाके मुरडल्याची वर्णने सापडतात. ग्लिडनच्या पोराला त्या वासाचे काही वाटले नसावे, असे मी आपले म्हणतो.

आणखी एक बाब, विषयाच्या कडेची पण सोडू नये अशी. कॅरोल काउंटीत जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांची वस्ती मोठी होती. मर्लच्या मृत्यूनंतर साडेसहा महिन्यांनी, २३ मे १९१८ रोजी, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी शाळा, सभा, आगगाड्या आणि टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलण्यास मनाई करणारा जाहीरनामा काढला. चर्चमधली प्रवचनेही त्यात आली. ज्या मुलुखाचा मुलगा जर्मनांच्या हातून मेला, त्याच मुलुखातल्या म्हाताऱ्या जर्मन शेतकऱ्यांना आपल्या भाषेत प्रार्थनाही सार्वजनिकरीत्या करता येईना. मर्लच्या गावाची हकीकत सांगताना ही बाजू वगळली, तर ते गाव उगीच गोड दिसेल.

निवृत्त सुभेदार, डोंबिवली

मुक्ताताई, मी पायदळात नोकरी केली आहे, म्हणून त्या रात्रीविषयी लिहितो.

पहिल्या डिव्हिजनच्या बटालियन २१ ऑक्टोबर १९१७ पासून पाळीपाळीने, दर वेळी दहा दिवस, फ्रेंच रेजिमेंटांच्या सोबतीने खंदकात जाऊ लागल्या. त्यांना दिलेला सॉमरविलेरचा टापू नॅन्सीच्या पूर्वेला होता आणि तो 'शांत' समजला जाई, कारण दोन्ही बाजू तिथे दमलेल्या पलटणी विश्रांतीसाठी ठेवत आणि एकमेकांना फारसे छेडत नसत. नवख्यांना शिकवायला अशीच जागा निवडतात. पण शत्रूलाही नवखे कधी आले हे हेरायचे असते, आणि पाळी बदलण्याची रात्र त्यासाठी सर्वांत सोयीची असते. जुनी पलटण निघालेली असते, नव्या पलटणीला अंधारात कोणता फाटा कुठे जातो हेही ठाऊक नसते. 'एफ' कंपनी २ नोव्हेंबरच्या रात्री खंदकात शिरली. मर्लची आघाडीवरची ती पहिलीच रात्र होती.

पहाटे तीनच्या सुमारास जर्मन सैन्यातल्या बव्हेरियन तुकड्यांनी धाड घातली. धाडीची रीत अशी : आधी तोफांचा मारा करून खंदकाच्या एका लहान तुकड्याभोवती तिन्ही बाजूंनी स्फोटांची भिंत उभी करायची, म्हणजे आतल्यांना मागे जाता येत नाही आणि मागच्यांना मदतीला पुढे येता येत नाही. टेलिफोनच्या तारा पहिल्या काही मिनिटांतच तुटतात. मग लांब नळ्यांत भरलेल्या स्फोटकांनी काटेरी तारांच्या जाळ्यात वाट पाडायची आणि माणसे आत घुसवायची. (अशा नळीला 'बंगलोर टॉर्पेडो' म्हणतात. मद्रास सॅपर्सच्या एका अधिकाऱ्याने ती १९१२ साली बंगलोरमध्ये तयार केली होती. आपल्या देशातल्या एका छावणीत तयार झालेली युक्ती पाच वर्षांत लॉरेनच्या खंदकापर्यंत पोहोचली.) 'एफ' कंपनीच्या वाट्याला आलेल्या त्या तुकड्यावर सुमारे दोनशे जण चालून आले. आत जी झटापट झाली ती अंधारात, हातभर रुंदीच्या जागेत, पिस्तूल, संगीन आणि सुऱ्यांनी झाली. लांब रायफल अशा जागी फिरवतासुद्धा येत नाही, हे ज्याने खंदकात उभे राहून पाहिले आहे त्यालाच समजेल. काही मिनिटांत सगळे आटोपले. तीन अमेरिकन मेले, पाच जखमी झाले आणि अकरा-बारा जणांना कैद करून नेले गेले. धाडीचा मूळ हेतू कैदी पकडणे, म्हणजे समोर खरोखरच अमेरिकन आले आहेत का याची खात्री करून घेणे, हाच होता.

सकाळी जागा पाहायला जे अधिकारी आले त्यांत पहिल्या डिव्हिजनच्या स्टाफवरचे जॉर्ज मार्शल होते. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यांच्या नावाने युरोपच्या उभारणीची योजना प्रसिद्ध झाली तेच हे मार्शल. या पोरांनी नीट प्रतिकार केला की नाही, अशी शंका फ्रेंच सेनापतींच्या चौकशीतून डोकावली, तेव्हा मार्शल चांगलेच दुखावले होते. मला त्यांचे दुखावणे पटते. चोवीस तासही ज्या खंदकात काढले नाहीत, तिथे रात्री तीन वाजता तोफांच्या पिंजऱ्यात सापडलेल्या नवख्या शिपायाकडून यापेक्षा अधिक मागणे अन्यायाचे आहे.

आता 'पहिला' या बिरुदाबद्दल. तिघे एकाच धाडीत पडले, त्यामुळे त्यांच्यात आधी कोण हा वाद निष्फळ आहे, जरी प्रत्येकाच्या गावाने तो मान आपल्याकडे ओढला असला तरी. शिवाय ४ सप्टेंबर १९१७ रोजी जर्मन विमानाने फ्रान्समधल्या एका अमेरिकन लष्करी इस्पितळावर बाँब टाकले, त्यात कॅन्ससचे डॉक्टर लेफ्टनंट विल्यम फिट्झसिमन्स आणि तीन शिपाई मारले गेले होते. म्हणून 'खंदकातल्या लढाईत पडलेल्या पहिल्या तीन अमेरिकन पायदळी शिपायांपैकी एक' असे लिहिणे बिनचूक होईल. वाक्य लांबट आहे, पण त्यात कोणावर अन्याय होत नाही.

वैदेही, लालबाग

मुक्ताताई, तुमच्या दफनाच्या प्रश्नात मर्लच्या हकीकतीचा गाभा आहे असे मला वाटते, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

४ नोव्हेंबर १९१७ रोजी बाथलेमाँ येथे तिघांना लष्करी इतमामाने पुरले. तिथे फ्रेंच १८व्या डिव्हिजनचे जनरल पॉल बोर्दो यांनी केलेले भाषण पुढे फार गाजले. फ्रान्सच्या वतीने त्यांनी तिघांचे आभार मानले आणि या तरुणांचे देह इथेच, आमच्याकडेच, कायमचे राहू द्यावेत अशी विनंती केली. इथून जाणारा वाटसरू थांबून टोपी काढील, असे ते म्हणाले. वर्षभराने गावात या तिघांचे स्मारकही उभे राहिले. १९४० मध्ये पुन्हा जर्मन आले तेव्हा त्यांनी ते पाडले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते नव्याने उभारले गेले.

असे असूनही देह तिथे राहिले नाहीत. युद्धानंतर अमेरिकन सरकारने प्रत्येक मृत शिपायाच्या जवळच्या नातलगाला विचारले की, तुमचा माणूस परदेशातल्या लष्करी दफनभूमीत ठेवायचा की सरकारी खर्चाने घरी आणायचा? माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १४ जुलै १९१८ रोजी मारला गेलेला आपला धाकटा मुलगा क्वेंटिन जिथे पडला तिथेच राहावा असे सांगितले होते आणि त्यांच्या शब्दाला मोठे वजन होते. तरीही सुमारे ४६ हजार कुटुंबांनी देह घरी मागितला आणि ३० हजारांच्या आसपास देह युरोपात राहिले. मर्ल, ग्रेशम आणि एनराइट यांच्या शवपेट्या जुलै १९२१ मध्ये न्यू जर्सीच्या होबोकेन बंदरात उतरल्या, तेव्हा धक्क्यावर युरोपातल्या अमेरिकन फौजेचे युद्धकाळातले सेनापती जनरल पर्शिंग स्वतः पुष्पचक्र वाहायला उभे होते. तिथून मर्ल आगगाडीने ग्लिडनला आला. गावच्या दफनभूमीला आज त्याचेच नाव आहे. आयोवाची राजधानी असलेल्या डि मॉइन शहरातल्या एका मोठ्या रस्त्यालाही त्याचे नाव दिले गेले आणि त्या रस्त्यावरच्या बाजारसंकुलालाही तेच लागले, इतके की तिथे खरेदीला जाणाऱ्या बहुतेकांना ते एका शिपायाचे नाव आहे याचा पत्ता नसतो.

माझ्या मते मुद्दा हा आहे : एका जनरलने जाहीरपणे मागितलेली गोष्ट एका खेड्यातल्या कुटुंबाला नाकारता आली. मेलेल्या शिपायावर शेवटचा हक्क कोणाचा, याचे उत्तर तिथल्या सरकारने घरच्यांवर सोपवले. ज्यांनी देह युरोपातच ठेवला त्यांच्या माता आणि विधवांना १९३० ते १९३३ या काळात सरकारी खर्चाने कबरी पाहायला नेले गेले. सहा हजारांहून अधिक स्त्रिया गेल्या, मात्र कृष्णवर्णीय मातांना वेगळ्या आणि कमी प्रतीच्या बोटींतून नेल्यामुळे त्यांच्यातल्या अनेकींनी जाण्यास नकार दिला. मोठेपणाच्या गोष्टीतही हा डाग आहे, तो सांगितला पाहिजे.

आता तुमच्या मंडळातल्या ज्येष्ठांच्या आक्षेपाकडे येते. त्यांचा आक्षेप रास्त आहे, पण त्यावर उपाय म्हणून मर्लला बाजूला सारू नका. त्याच युद्धात ब्रिटिश साम्राज्याने कोणाचाही देह घरी न आणण्याचे धोरण ठेवले होते. ऑक्टोबर १९१४ पासून मुंबई बंदरातून ज्या ६व्या पुणे डिव्हिजनच्या पलटणी इराकच्या मोहिमेवर गेल्या, त्यांत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत त्या इराकमधल्या कूत या गावी तुर्की फौजेच्या वेढ्यात सापडल्या आणि शेवटी शरण गेल्या. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक बांधले, त्यावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. पण त्या दगडावर ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले आहे आणि हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या आहे. हिंदी अधिकाऱ्यांची नावे आहेत, साध्या शिपायाचे नाही. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये एका अहवालाद्वारे ही विषमता मान्य करून दिलगिरी व्यक्त केली.

सातारा आणि रत्नागिरीच्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते : या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, नाव एकही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत आणि लोक आजही त्या गावाला 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. अशा पाटीसमोर उभे राहिले की मर्लची हकीकत आपल्याला का हवी ते कळते. जन्मतारीख, गाव, भरतीचा महिना, मृत्यूची वेळ आणि कबरीची जागा, इतक्या गोष्टी एका शिपायाविषयी टिकू शकतात हे त्याच्यामुळे दिसते. टिकवणारे कोणी असावे लागते, एवढेच.

मुक्ता, गिरगाव

अनंतकाका, सुभेदारसाहेब, वैदेही, तुमचे आभार कसे मानावे ते कळत नाही. व्याख्यानाची मांडणी आता मनात स्पष्ट झाली आहे. पहिला भाग ग्लिडनचा, मधला भाग त्या रात्रीचा आणि तिसरा भाग १९२१ च्या शवपेटीचा असेल, आणि बसऱ्याची गोष्ट त्या तिसऱ्या भागातच, मर्लच्या शेजारी ठेवून सांगीन.

एकच विचारायचे राहिले. काही वृत्तांतांत मर्लचा आणि एनराइटचा गळा चिरलेला आढळला असे म्हटले आहे. मंडळात वयस्कर श्रोते असतात, काही जणींची मुले सैन्यात आहेत. हे सांगावे की टाळावे?

निवृत्त सुभेदार, डोंबिवली

ताई, सांगा, पण एका वाक्यात, आवाज न चढवता, आणि लगेच पुढे जा. त्या तपशिलाचा युद्धाच्या प्रचारात भरपूर वापर झाला होता आणि शत्रू किती क्रूर याची हाकाटी त्यावर उभी राहिली. प्रत्यक्षात अरुंद खंदकातल्या धाडीत दोन्ही बाजूंची माणसे सुऱ्याच वापरत, आणि पुढे अमेरिकनांनीही तशाच धाडी घातल्या. हे वाक्य त्याला जोडून सांगितलेत तर ऐकणाऱ्याला राग आणण्यापेक्षा परिस्थिती समजेल.

तुम्ही दोन्ही मुलूख शेजारी ठेवणारच आहात, तर माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे विसरू नका. ते दुसऱ्या महायुद्धातले, ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडल्यावर ते एकटे धावत गेले, हातबाँब टाकून मशीनगन बंद पाडली, उरलेल्यांशी झुंजले आणि शेवटी शत्रूच्या नेमबाजाच्या गोळीने पडले. तेव्हा त्यांचे वय २२ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीही कबर सापडलेली नाही, पण इटलीतल्या कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे आणि माणगावात पुतळा आहे. बसऱ्याचा दगड आणि कॅसिनोचा दगड यांच्यामध्ये काय बदलले ते तुमच्या श्रोत्यांना त्यावरून दिसेल. व्याख्यानाची तारीख ठरली की इथे कळवा, डोंबिवलीहून आम्ही दोघे-तिघे येऊ.